लॉक काढायची एवढी घाई कशाला?

महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा, देवगड हापूसच्या पहिल्या पेट्या आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं सबमिशन, या तिन्ही गोष्टी साधारण एकाच हंगामात येतात. त्यामुळे देवगड, कणकवली, मालवणकडच्या आयटी-कॉम्प्युटरच्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही. दर्शनरांगेचं टोकन, यात्रेतल्या पार्किंगची मोजणी, आंब्याच्या पेट्यांचं ऑनलाइन बुकिंग. विषय छान आहेत, गावच्या गरजेतून येणारे आहेत. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: एकाच आकड्याला एकाच वेळी अनेक हात लागतात.

इथेच हल्ली एक फॅशन शिरली आहे. पीपीटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर ‘लॉक-फ्री’ हा शब्द झळकतो. रेझ्युमेमध्ये ‘ॲटॉमिक्स’ येतं. लॉक म्हणजे जुनाट, हळू, नवशिक्यांचं काम आणि ॲटॉमिक म्हणजे फास्ट, प्रो लोकांचं, असा समज व्हिडिओ बघून आणि एआयकडून कोड घेऊन पक्का होत जातो. आमचं म्हणणं याच्या उलट आहे. ॲटॉमिक ऑपरेशन्स शिका, लॅबमध्ये मोडूनतोडून बघा. पण लोकांच्या पैशाला आणि वेळेला हात लावणाऱ्या रोजच्या ॲप्लिकेशनमध्ये त्यांची खालच्या पातळीची रूपं वापरू नका. कारणं नीट समजून घेतली तर हा सल्ला घाबरटपणाचा वाटणार नाही.

आधी मूळ अडचण. समजा, यात्रेत दोन दरवाजे आहेत आणि मध्ये एकच फळा. प्रत्येक स्वयंसेवक भाविक आत सोडला की फळ्यावरचा आकडा वाचतो, त्यात एक मिळवतो आणि नवा आकडा लिहितो. फळ्यावर ४,९९९ आहे. दोघांनीही एकदमच वाचलं, दोघांनीही मनात ५,००० केलं, दोघांनीही ५,००० लिहिलं. आत गेले दोघे, मोजला गेला एक. प्रोग्राममध्ये ‘काउंटर अधिक एक’ ही एक ओळ दिसते, पण प्रोसेसरसाठी ती वाचा, मिळवा, लिहा अशी तीन पावलं असतात. दोन थ्रेड या पावलांच्या मध्ये एकमेकांत घुसले की आकडा हरवतो. पायथॉनवाल्यांनी हसू नये. तिथल्या ग्लोबल इंटरप्रिटर लॉकमुळे आपण सुरक्षित आहोत हा गैरसमज आहे, ‘अधिक-बरोबर’ची ती एक ओळ तिथेही अखंड नसते. आणि २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून तर तो लॉक काढलेला पायथॉनही प्रयोग म्हणून मिळायला लागला.

उपाय दोन. पहिला लॉक: खडू एकच ठेवायचा, ज्याच्या हातात खडू त्यानेच फळ्याला हात लावायचा. दुसरा ॲटॉमिक: बोटाने टिचकी मारली की आकडा एकने पुढे जातो ते मोजणीयंत्र फळ्याच्या जागी बसवायचं. वाचणं, मिळवणं, लिहिणं एका झटक्यात, मध्ये कुणी घुसू शकत नाही. ॲटॉमिक म्हणजे इथे एवढंच, अविभाज्य. ही सोय थेट प्रोसेसरमध्ये असते. जावात ती ‘ॲटॉमिक-इंटिजर’ म्हणून मिळते, सी++ मध्ये २०११ च्या स्टँडर्डपासून, गो मध्ये ‘सिंक-ॲटॉमिक’ पॅकेजमध्ये.

मग मोजणीयंत्र वाईट कशात? मोजणीपुरतं ते उत्तमच आहे. पण आपल्या ॲपमध्ये नुसती मोजणी कुठे असते?

आंब्याची पेटी घ्या. बागायतदाराकडे आज एकच पेटी शिल्लक आहे. मुंबईतून एकाने आणि पुण्यातून एकाने एकाच क्षणी ‘बुक करा’ दाबलं. तुमच्या कोडमध्ये शिल्लक आकडा ॲटॉमिक आहे. पहिला थ्रेड विचारतो, शिल्लक शून्यापेक्षा जास्त आहे का? आहे. दुसरा विचारतो, आहे का? आहे. मग दोघेही ॲटॉमिक पद्धतीने, अगदी शिस्तीत, एकेक वजा करतात. शिल्लक उणे एक. दोघांचेही पैसे कापले गेले आणि पेटी एक. प्रत्येक पाऊल अखंड होतं, पण दोन पावलांच्या मधली फट उघडीच राहिली. ही फट बुजवण्यासाठी ‘कम्पेअर-अँड-स्वॅप’ नावाचं ऑपरेशन असतं: मी मघाशी वाचलेला आकडा अजून तोच असेल तरच बदल, नाहीतर मला पुन्हा वाचू दे. एका आकड्यापुरतं हे चालतं. पण शिल्लक कमी करायची, ऑर्डरची नोंद करायची आणि दिवसाची जमा वाढवायची, अशी तीन कामं एकत्रच व्हायला हवी असतील तर? तीन ॲटॉमिक मिळून एक ॲटॉमिक होत नाही. लॉकमध्ये मात्र या तिन्ही ओळी सरळ एकाखाली एक लिहिता येतात.

आणि खरं सांगायचं तर आंब्याच्या ॲपमध्ये लॉकचीही पाळी येऊ नये. ॲप थोडं चाललं की दोन सर्व्हर लागतात. एका सर्व्हरच्या मेमरीतला ॲटॉमिक दुसऱ्या सर्व्हरला दिसतही नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर एवढी हुशारी खर्च केली ती मुळात चुकीच्या जागी बसलेली. हा आकडा डेटाबेसचा आहे. ‘शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकने कमी कर’ ही एकच अपडेट क्वेरी, ऑर्डरच्या नोंदीसकट एका ट्रान्झॅक्शनमध्ये. किती ओळी बदलल्या ते डेटाबेस सांगतो. शून्य आलं तर ग्राहकाला ‘पेटी संपली’ म्हणायचं. दुसऱ्या वर्षाच्या डीबीएमएसमध्ये हे शिकलेलो असतो, पण ‘लॉक-फ्री’ म्हणण्यात जी ऐट आहे ती ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणण्यात नाही ना.

इथपर्यंतची गोष्ट समजायला सोपी होती. खरी ठेच पुढे लागते.

आपण धरून चालतो की कोडमध्ये ज्या क्रमाने ओळी लिहिल्या त्याच क्रमाने त्या घडतात आणि सगळ्यांना त्याच क्रमाने दिसतात. तसं होत नाही. कंपायलर वेगासाठी ओळींची अदलाबदल करतो. प्रोसेसरही करतो. पुन्हा त्या फळ्याकडे चला. प्रत्येक वेळी फळ्यापर्यंत जायला वेळ लागतो म्हणून स्वयंसेवक आकडा आधी खिशातल्या वहीत टिपून ठेवतो आणि सवड मिळाली की फळ्यावर उतरवतो. त्याच्या दृष्टीने काम झालं. दुसऱ्या दरवाज्यावरच्या माणसाला मात्र फळा अजून जुनाच दिसतो. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरकडे अशी एक खिशातली वही असते, तिला स्टोअर बफर म्हणतात.

आता गंमत बघा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात हमखास येणारा पीटरसनचा अल्गोरिदम आठवा, १९८१ चा. दोन प्रोसेसपैकी प्रत्येक आधी ‘मला आत जायचंय’ असा झेंडा लावते, मग ‘पाळी तुझी’ म्हणते आणि मग दुसऱ्याचा झेंडा बघते. कागदावर सिद्धता चोख आहे. पण तो साध्या चलांनी सी मध्ये लिहून लॅबमधल्या इंटेलच्या पीसीवर चालवला तर तो मोडतो. माझा झेंडा माझ्याच वहीत, तुझा तुझ्या वहीत, दोघांनाही फळा कोराच दिसतो आणि दोघेही एकदम आत. लाखो फेऱ्यांत मोजक्या वेळा होईल, पण होईल. चलांना ‘व्होलाटाइल’ लावून हे सुधारत नाही. तो शब्द जावात थ्रेडमधला क्रम सांभाळतो, सी आणि सी++ मध्ये नाही, आणि नाव एकच असल्यामुळे इथे भलेभले फसतात. म्हणजे पंधरा मार्कांसाठी आपण जो अल्गोरिदम पाठ करतो तो आहे तसा उतरवला तर आजच्या कुठल्याही मल्टिकोअर यंत्रावर भरवशाचा नाही, आणि हे वर्गात क्वचितच ऐकायला मिळतं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे आमचं हे एक गाऱ्हाणं आहे. पीटरसन शिकवा, पण तो का मोडतो तेही त्याच तासाला शिकवा.

बरं, सगळे प्रोसेसर सारखेच घोळ घालत असते तरी निभावलं असतं. इंटेल-एएमडीची यंत्रं त्यातल्या त्यात शिस्तीची. तिथे आधी लिहिलेलं आधी आणि नंतर लिहिलेलं नंतर दिसतं, घोळ मुख्यतः ‘लिही आणि मग दुसरंच काहीतरी वाच’ या जोडीत होतो. एआरएमचे नियम जास्त सैल आहेत. एका थ्रेडने आधी माहिती भरली आणि मग ‘तयार’ असा झेंडा लावला, तरी दुसऱ्याला झेंडा आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये जवळजवळ नक्की एआरएमच आहे. २०२० पासून ॲपलच्या लॅपटॉपमध्येही तेच. म्हणजे लॅबच्या पीसीवर महिनाभर बिनबोभाट चाललेला ‘हुशार’ कोड ज्या फोनवर वापरायचा तिथेच दगा देऊ शकतो.

हा गुंता सोडवायचा कसा, यावर ज्यांचं काम आज पायाभूत मानलं जातं त्यांची सुरुवात आपल्याच राज्यातली, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. सरिता आडवे १९८७ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडल्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्या. १९९० मध्ये त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी एक वेगळी मांडणी केली. तोवरचा वाद असा होता की हार्डवेअरने क्रम किती सैल सोडावा. या दोघांनी प्रश्न प्रोग्रामरच्या बाजूने विचारला: त्याला नेमकं काय हवंय? उत्तर नवसासारखं आहे, दोन्ही बाजूंनी पाळायचं. प्रोग्रामरने वचन द्यायचं की सामायिक माहितीला मी सिंक्रोनायझेशनशिवाय हात लावणार नाही, डेटा रेस होऊ देणार नाही. मग यंत्रणेने वचन द्यायचं की आत मी कितीही उलटापालट केली तरी तुला प्रोग्राम तू लिहिलेल्या क्रमाने, एकेक पाऊल टाकत चालल्यासारखाच दिसेल.

आडवे पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २००५ मध्ये जेरेमी मॅन्सन आणि विल्यम प्यू यांच्याबरोबर जावाचं आणि २००८ मध्ये हान्स बोएम यांच्याबरोबर सी++ चं मेमरी मॉडेल त्यांनी मांडलं. दोन्हींचा पाया हाच करार. म्हणजे तुम्ही जावात ‘सिंक्रोनाइज्ड’ लिहिता किंवा सी++ मध्ये म्युटेक्स घेता तेव्हा या कराराच्या छपराखाली उभे असता. स्टोअर बफर, कंपायलरची अदलाबदल, एआरएम की इंटेल, यातलं काही तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं. सामान्य प्रोग्रामरला सुखाने झोप लागावी म्हणून दोन दशकं खपून बांधलेलं हे छप्पर आहे.

सी++ मध्ये ॲटॉमिक काही न सांगता वापरलंत तर भाषा सगळ्यात कडक क्रम धरते, त्यामुळे छप्पर शाबूत राहतं. पण वेगाच्या हौसेने तुम्ही ‘रिलॅक्स्ड’ लिहिलंत किंवा ‘ॲक्वायर’, ‘रिलीज’ची जोडाजोड सुरू केलीत की तुम्ही आपणहून त्या छपराबाहेर पाऊल टाकता. आता कुठल्या थ्रेडला काय कधी दिसेल, याची प्रत्येक शक्यता तुम्ही स्वतः तपासायची. हे तज्ज्ञांनाही जमत नाही, असं म्हणायला पुरावा आहे. २०११ च्या स्टँडर्डमध्ये ‘कन्झ्युम’ नावाचा आणखी एक क्रम ठेवला होता. तो इतका अवघड निघाला की मोठ्या कंपायलरांनी तो तसा अमलात आणलाच नाही, त्याला ‘ॲक्वायर’ समजून मोकळे झाले. जावाच्या मॉडेलमध्येही काही वर्षांतच संशोधकांना उणिवा सापडल्या. जिथे नियम लिहिणारेच अडखळतात तिथे शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये ‘रिलॅक्स्ड’ कशाला हवंय? गो च्या कर्त्यांनी तर आपल्या दस्तऐवजात स्पष्टच लिहून ठेवलंय की ॲटॉमिक पॅकेज खास, खालच्या पातळीच्या कामांसाठी आहे, बाकीच्यांनी चॅनल किंवा लॉक वापरावेत.

‘पण आमचा कोड टेस्टमध्ये पास झाला की!’ हे उत्तर नेहमीचं. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर खडकात कोरलेली शिवलिंगं आहेत. ओहोटीला दिसतात, भरतीला पाण्याखाली जातात. भरतीच्या वेळी येऊन गेलेला माणूस ‘इथे काही नाही’ म्हणाला म्हणून ती नाहीशी होत नाहीत. डेटा रेसचंही तसंच. टेस्टच्या वेळी दिसली नाही याचा अर्थ एवढाच की त्या वेळी भरती होती. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला, सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक म्हणजे ओहायोतल्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभराहून जास्त वेळ गपचूप बंद पडली होती आणि ऑपरेटरना पत्ताच नव्हता. त्या सॉफ्टवेअरमध्ये अशीच एक रेस दडलेली होती. ती शोधून काढायला तज्ज्ञांना आठवडे लागले. तोवर ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं ‘पास’च होत होतं.

राहिला वेगाचा मुद्दा. दुसरं कुणी वाट अडवून उभं नसेल तर लॉक घेणं-सोडणं हे आजच्या प्रोसेसरवर दहा-वीस-पन्नास नॅनोसेकंदांचं काम आहे, आणि तो लॉक आतून एक-दोन ॲटॉमिक ऑपरेशननीच बनलेला असतो. एक मिलिसेकंद म्हणजे दहा लाख नॅनोसेकंद. कुणकेश्वरातून मोबाईल नेटवर्कवर सर्व्हरला गाठून उत्तर यायला असे कितीतरी मिलिसेकंद जातात. तिथे तुम्ही वीस नॅनोसेकंद वाचवणार! गर्दी झाली तर ॲटॉमिकही फुकट नसतं. सगळे कोअर एकाच आकड्यावर तुटून पडले की ती कॅश लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे फेऱ्या मारत बसते. लॉकमुळे ॲप हळू झालं असं खरोखर मोजून दिसलं, तर आधी लॉकच्या आत काय काय कोंबलंय ते बघा. बहुतेक वेळा आत एखादी डेटाबेस कॉल किंवा फाइल लिहिणं सापडतं. ते बाहेर काढलं की प्रश्न मिटतो.

ॲटॉमिकला जागाच नाही असं नाही. किती रिक्वेस्ट आल्या याची नुसती मोजदाद, ‘आता थांब’ सांगणारा एखादा झेंडा, अशी सुटी, एकेकटी कामं डिफॉल्ट ॲटॉमिकने खुशाल करा. त्यापलीकडे जे हवं ते तयार मिळतं. जावात २००४ पासून डग ली आणि मंडळींनी घडवलेलं कॉन्करन्सी पॅकेज आहे, त्यातल्या हॅशमॅप आणि क्यूच्या पोटात ॲटॉमिक्स ठासून भरलेली आहेत, पण ती लिहिणारी आणि तपासणारी माणसं आयुष्यभर तेच करत आली आहेत. आपल्याकडे कलम बांधणारा वेगळा आणि बाग राखणारा वेगळा असतो. बागवाला नर्सरीतून चांगलं कलम आणतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

‘मग इंटरव्ह्यूत विचारलं तर?’ हा प्रश्न रास्त आहे, नोकरीचा सवाल आहे. विचारतीलच, आणि म्हणून शिकायलाच हवं. पण ‘मी लॉक-फ्री क्यू लिहिला’ एवढंच म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो, ‘एआरएमवर चालेल का? कशावरून?’ आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते. याउलट ‘मी इथे लॉकच वापरला, कारण तीन गोष्टी एकत्र बदलायच्या होत्या आणि लॉकला लागणारा वेळ मोजला तेव्हा नगण्य निघाला’ हे वाक्य ज्याला सुचतं त्याला विषय कळलाय, हे समोरच्याला लगेच समजतं. आणि हो, एआयने दिलेला ‘रिलॅक्स्ड’वाला कोड तुम्हाला ओळ न् ओळ समजावून सांगता येत नसेल तर तो प्रोजेक्टमध्ये ठेवू नका.

ज्यांना हे सगळं स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी एका दुपारचं काम. पीटरसनचा प्रोग्राम सी मध्ये लिहा, दोन थ्रेड, प्रत्येकाने आत शिरून साधा काउंटर दहा लाख वेळा वाढवायचा. आधी साधे चल, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून. उत्तर वीस लाख येतं का, दहा-वीसदा चालवून बघा. मग ऑप्टिमायझेशन चालू करा, एखादा थ्रेड आत जायची वाट बघत कायमचा अडकलेलाही दिसू शकतो. मग झेंडे आणि पाळी डिफॉल्ट ॲटॉमिक करा. मग पीटरसन काढून टाका आणि सरळ म्युटेक्स लावा. हेच सगळं मोबाईलवर टर्मक्स टाकून पुन्हा चालवा. जीसीसी किंवा क्लँगमध्ये थ्रेड सॅनिटायझर चालू केलात तर कुठल्या ओळीवर रेस आहे तेही तो दाखवतो, मात्र जो कोड प्रत्यक्ष चालला तेवढ्यापुरतंच. प्रत्येक वेळी उत्तर किती आलं आणि वेळ किती लागला हे वहीत शेजारी शेजारी लिहा. व्हायवाला सरांनी किंवा मॅडमनी पीटरसन समजवायला सांगितलं की ती वही पुढे करा.